जुन्या जिप्सीसाठी स्नॉर्केल, हेडर आणि स्टेनलेस सायलेन्सर : दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

माझी मारुती जिप्सी २००७ सालची आहे. तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२२ मध्ये पूर्ण झाली आणि फिटनेस तपासणीनंतर आरसीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण झाले, त्याच दिवशी ही गाडी विकायची नाही असे मी ठरवले. आठवड्यातील पाच दिवस ती मला साखळीहून आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी आणि जुने गोवे या रस्त्याने पणजीला कामावर नेते. शनिवारी किंवा रविवारी ती सत्तरीतील आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) जाते, जिथे पोहोचण्यासाठी शेवटचा दीड किलोमीटर लाल मातीचा चढ चढावा लागतो आणि मध्ये एक व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या काळात तिच्या इन्टेक (इंजिनात हवा जाण्याचा मार्ग) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर पडण्याचा मार्ग) अशा दोन्ही बाजूंवर मी एकूण ५८ हजार रुपये खर्च केले. त्यांपैकी इन्टेकवरचे १७ हजार पूर्णपणे सार्थकी लागले. एक्झॉस्टवर ४१ हजार गेले, आणि त्यातले १७ हजार केवळ पहिल्या गॅरेजने केलेले काम दुसऱ्या गॅरेजकडून दुरुस्त करून घेण्यासाठी मोजावे लागले. जुनी फोर बाय फोर रोज चालवणाऱ्या आणि याच खर्चाच्या विचारात असलेल्या वाचकाला उपयोग व्हावा म्हणून दोन पावसाळ्यांचा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. माझ्या गाडीत त्यानंतरचे १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन आहे, आणि कंपनीच्या आकड्यांनुसार ते ६००० आरपीएमवर (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) ८० बीएचपी आणि ४५०० आरपीएमवर १०३ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. टॉर्कचा आकडा किती वरच्या आरपीएमवर येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या गाडीचा स्वभाव कळतो. सपाट रस्त्यावर इंजिन फिरवत ठेवले तर ती हलकी आणि चपळ वाटते, परंतु चिखलातल्या चढावर, जिथे चालक १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान असतो, तिथे ती चटकन दमते. बाजारात मिळणारे बहुतेक इन्टेक आणि एक्झॉस्टचे भाग वरच्या आरपीएमवर हवा मोकळी करण्यासाठी बनवलेले असतात. कुळागराच्या चढावर त्यांचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकते.

हवेचा हिशेब एकदा कागदावर मांडणे फार उपयोगी पडते. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढते. म्हणजे १२९८ सीसीचे इंजिन ६००० आरपीएमवर मिनिटाला सुमारे ३९०० लिटर हवा ओढेल, आणि सिलिंडर प्रत्यक्षात पूर्ण भरत नाहीत हे धरले तर हा आकडा ३३०० लिटरच्या आसपास येतो. २५०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी ही गरज १४०० लिटरच्या आत असते. कंपनीचा एअर फिल्टर स्वच्छ असेल तर एवढी हवा देताना तो इंजिनाची फारशी अडवणूक करत नाही. त्यामुळे 'मोकळा फिल्टर बसवा, पिकअप वाढेल' या सल्ल्यात रोजच्या वापरासाठी फारसे तथ्य नाही. गोव्यात इन्टेकसमोरचे खरे प्रश्न वेगळे आहेत : हवा थंड मिळते का, धूळ आत जाते का, आणि पाणी आत जाते का.

कोणताही भाग विकत घेण्याआधी मी इंजिनाची तपासणी करून घेतली. चारही सिलिंडरचे कम्प्रेशन, टॅपेट, प्लग आणि सर्व व्हॅक्यूम होज पाहिले, आणि फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीकडे (किती हवा आत जावी ते ठरवणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या रबरी होजच्या खालच्या घडीत बोटभर लांबीची चीर सापडली. वरून ती दिसतच नव्हती. त्या चिरेतून फिल्टर न झालेली हवा, आणि तिच्याबरोबर डिचोली तालुक्यातील खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरची लाल धूळ, किती काळ थेट इंजिनात जात होती कोण जाणे. नवीन होज बसवल्यावर आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे चालणे) स्थिर झाले आणि सुरुवातीचा अडखळा गेला. जुन्या गाडीत बदल करू इच्छिणाऱ्याने हे काम आधी करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण नंतर बसवलेल्या महाग भागाला जे श्रेय दिले जाते ते पुष्कळदा अशा एखाद्या साध्या दुरुस्तीचे असते.

आता स्नॉर्केलविषयी, म्हणजे इंजिनासाठी छपराच्या उंचीवरून हवा घेणाऱ्या नळीविषयी. फायबरचे स्वस्त स्नॉर्केल मिळतात, परंतु झाडीतल्या फांदीचा फटका बसला की ते तडकतात, म्हणून मी पॉलिथिलीनचे, एकसंध साच्यातून काढलेले आणि आतून ७६ मिलिमीटर व्यासाचे स्नॉर्केल घेतले. व्यासाचा आग्रह मी मुद्दाम धरला. मिनिटाला ३३०० लिटर हवा ७६ मिलिमीटरच्या नळीतून सुमारे १२ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. तीच हवा ५१ मिलिमीटरच्या नळीतून न्यायची तर वेग २७ मीटरपर्यंत चढतो आणि घर्षणाने व वळणांमुळे होणारी दाबाची हानी जवळजवळ पाचपट होते. बाहेरून रुबाबदार दिसणाऱ्या काही स्नॉर्केलची मान, जिथे ती मडगार्डमधून आत शिरते तिथे, आतून फारच अरुंद असते. दुकानात हात घालून ती जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्नॉर्केल ९,५०० रुपयांना पडले, बसवण्याची मजुरी ४,५०० रुपये झाली आणि होज, क्लॅम्प, गॅस्केट व रंग यांचे ३,००० रुपये झाले.

हे काम ज्या छोट्या गॅरेजने केले त्याने पत्रा कापताना घाई केली नाही. होल-सॉने छिद्र पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडेला घासून झिंक प्रायमरचे दोन हात दिले आणि ते पूर्ण वाळल्यावरच रबरी कड बसवली. हा तपशील लहान वाटेल, परंतु जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत मीठ असते, तिथे कापलेल्या पत्र्याची कड उघडी राहिली तर दुसऱ्या पावसाळ्यातच तिथून गंज पसरू लागतो. दोन पावसाळे झाले, आणि मी नुकतीच ती कड काढून पाहिली, तेव्हा रंग जसाच्या तसा होता.

मात्र स्नॉर्केल बसले म्हणजे इन्टेक जलरोधक झाला असे नव्हे, आणि या बाबतीत पुष्कळ मालक फसतात. त्याची परीक्षा सोपी आहे : इंजिन आयडलिंगवर ठेवून स्नॉर्केलचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे. दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले पाहिजे. माझ्या गाडीचे इंजिन बंद पडले नाही, ते केवळ थोडे कुरकुरले आणि चालू राहिले, याचा अर्थ हवा दुसरीकडून येत होती. शोधल्यावर दोन जागा सापडल्या. एक म्हणजे फिल्टरच्या डबीच्या तळाशी असलेले पाण्याच्या निचऱ्याचे छिद्र, आणि दुसरी म्हणजे डबीच्या झाकणाची वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चपटी झालेली रबरी पट्टी. निचऱ्याच्या छिद्राला आता आट्यांचे बूच आहे, जे मी दर महिन्याला उघडून पाहतो, आणि झाकणाला नवीन पट्टी आहे. ही परीक्षा न घेता मी व्हाळात उतरलो असतो तर स्नॉर्केल छपराच्या उंचीवर असूनही पाणी बॉनेटखालच्या त्या छिद्रातूनच आत गेले असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या एका क्षणाची दुरुस्ती सगळ्या बदलांच्या खर्चापेक्षा महाग असते. याच कारणाने पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटणाऱ्या गियरच्या डब्यांचे) ब्रीदर पाइप, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या नळ्याही त्याच दिवशी वर बॉनेटपर्यंत आणून घेतले, कारण तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर ते पाणी आत ओढून घेते.

फिल्टरबाबत माझी निवड अनेकांना पटणार नाही. मी कंपनीच्या मापाचा साधा कागदी फिल्टरच ठेवला आहे. तेल लावायचा सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो आणि त्यातून हवा अधिक मोकळी जाते हे खरे आहे. माझे इंजिन हवेचा अंदाज इन्टेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतील) दाबावरून घेत असल्याने फिल्टरचे जास्तीचे तेल हवा मोजणाऱ्या तारेवर बसून बिघाड होण्याची भीतीही इथे नाही. परंतु कागदी फिल्टर बारीक धूळ अधिक चांगली अडवतो, आणि त्याच्यावर धुळीचा थर बसत जातो तसतशी त्याची धूळ अडवण्याची क्षमता वाढते, फक्त हवा कमी जाऊ लागते. जांभ्याची धूळ अत्यंत बारीक असते. हिरव्या पानावर बसलेली ती बोटाने पुसली तरी तिचा डाग राहतो. म्हणून मी मोकळ्या हवेपेक्षा स्वच्छ हवा निवडली आणि फिल्टर दर दहा हजार किलोमीटरला बदलतो. फिल्टर खरोखर काम करतो का, हे पाहण्यासाठी त्याच्या पलीकडच्या नळीत आतून ग्रीसचा पातळ थर बोटाने लावून ठेवावा. महिन्याभराने त्या ग्रीसवर हात फिरवला आणि त्यात रवाळपणा जाणवला तर धूळ आत येते आहे. माझ्याकडे एप्रिल आणि मे असे धुळीचे दोन महिने गेल्यावरही ग्रीस गुळगुळीत होते.

डबी काढून टाकून बॉनेटखाली उघडा कोन-फिल्टर बसवण्याचा प्रस्ताव एका दुकानाने दिला होता, तो मी नाकारला. तापमान दहा अंशांनी वाढले की हवेची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि मे महिन्यात पणजीच्या पुलावरच्या वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून कितीतरी अधिक तापलेली असते. उघडा फिल्टर तीच हवा ओढतो. शिवाय पहिल्याच व्हाळात तो ओला होईल.

पावसात स्नॉर्केलचे डोके मी मागच्या दिशेला फिरवून ठेवतो. पुढे तोंड असलेल्या डोक्याच्या आतही पाणी बाहेर काढणाऱ्या फटी असतात आणि साध्या पावसाला त्या पुरतात, परंतु जुलैत चोर्ला घाटात समोरून येणारा पाऊस त्या फटींच्या क्षमतेपलीकडचा असतो. कोरड्या दिवसांत डोके काढून त्याजागी धूळ फिरवून बाजूला टाकणारा प्री-क्लीनर लावता येतो. तो मी एका उन्हाळ्यात वापरला, आणि दुसऱ्या गाडीच्या मागून कच्च्या रस्त्यावर जाताना त्याच्या वाटीत तासाभरात मूठभर लाल माती जमलेली पाहून समाधान वाटले. मात्र तो हवेला थोडा अडवतो, म्हणून रोजच्या डांबरी रस्त्यावर त्याची गरज नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर चालकाच्या कानाजवळ हवा ओढल्याचा घोगरा आवाज येतो; मला तो खटकत नाही, पण माझ्या आईला खटकतो.

एक्झॉस्टकडे मी हौसेने वळलो नव्हतो. मूळ सायलेन्सर खालून गंजून भोक पडले होते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने एक्झॉस्टमधून जाते. गाडी लांब पल्ल्याला चालली तर नळी तापून हे पाणी उडून जाते, परंतु साखळीच्या बाजारापर्यंत दहा मिनिटांचे हेलपाटे घातले की ते सायलेन्सरच्या तळाशी साठते आणि लोखंड आतून खाते. बाहेरून खारी हवा आणि पावसाचे पाणी आपले काम करतेच. म्हणून नवीन सायलेन्सर घेताना स्टेनलेसचा घ्यावा, आणि सगळे उघडतच आहे तर हेडरही (चारही सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांचा संच) बदलावा, असे ठरले.

पहिले काम एका मोठ्या गॅरेजमध्ये झाले, ज्याचे नाव मी इथे घेणार नाही. २४ हजार रुपयांत चार-दोन-एक हेडर (ज्यात चार नळ्यांच्या आधी दोन आणि मग एक होते), मधली नळी आणि सायलेन्सर असा संच त्यांनी बनवून दिला. त्यांचा पहिला आग्रह दोन इंची नळीचा होता. पावणेदोन इंचीपेक्षा दोन इंची नळीचे क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी जास्त असते, आणि कमी आरपीएमवर तेवढाच वायू अधिक रुंद नळीतून जाताना मंदावतो. 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतेच' असे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते, पण नेमके कारण निराळे आहे. इंजिनाला उलटा दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, कारण वेगाने पुढे सरकलेला वायूचा एक झोत आपल्या मागे कमी दाब निर्माण करतो आणि पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढायला मदत करतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की हा परिणाम खालच्या आरपीएमवर नाहीसा होतो. चार-दोन-एक रचना चार-एक रचनेपेक्षा मधल्या आरपीएमसाठी अधिक योग्य मानली जाते तीही याच तत्त्वावर. मी पावणेदोन इंचावर ठाम राहिलो, आणि या एका निर्णयाचे मला आजही समाधान आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून 'सरळ पाइप' टाकण्याचा त्यांचा दुसरा प्रस्तावही मी स्वीकारला नाही. कन्व्हर्टर चांगल्या स्थितीत असेल तर अशा इंजिनात तो काढून मिळणारा फायदा नगण्य असतो, आणि काढल्यावर येणारा धुराचा वास रोज मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत मला चालणार नव्हता.

काम झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच ॲव्हरेज घसरले. एरवी माझी जिप्सी साखळी-पणजी रस्त्यावर लिटरला १०.८ किलोमीटर देते, ती ९.१ वर आली, आणि टेलपाइपच्या टोकाला काळी काजळी धरू लागली. गॅरेजने 'नवीन हेडर आहे, सेट व्हायला वेळ लागतो' असे उत्तर दिले. हेडर ही लोखंडी नळी आहे, तिला सेट व्हायला वेळ लागत नाही. अखेर फोंड्यातील एका जुन्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या वयस्कर मालकांनी थंड इंजिन सुरू करून हेडरच्या जोडावर साबणाचे पाणी शिंपडले, आणि जिथे चार नळ्यांच्या दोन होतात त्या जोडाला बारीक बुडबुडे आले. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाच्या) आधी होती. वायूच्या दोन झोतांच्या मध्ये नळीत क्षणभर कमी दाब होतो आणि अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, इंजिनात पेट्रोल कमी पडते आहे असा त्याचा समज होतो, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. ॲव्हरेज आणि काजळी या दोन्ही तक्रारींचे मूळ ती केसाएवढी फट होती.

दुसरा दोष त्याहून गंभीर होता. मला ३०४ ग्रेडचे स्टेनलेस सांगितले होते आणि पैसेही त्याचेच घेतले होते. गॅरेजवाल्याने लोहचुंबक लावून तो चिकटत नाही हे दाखवलेही होते. परंतु जिने आणि खिडक्यांच्या रेलिंगसाठी सर्रास वापरले जाणारे स्वस्त २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महाग निकेलचा बराचसा भाग मँगनीजने भरून काढलेला असतो आणि खाऱ्या हवेत त्याला लवकर तांबूस डाग पडतात. हे ओळखायला चुंबक उपयोगाचा नाही, धातूवर थेंब टाकून रंग पाहायचे रासायनिक किट लागते, जे स्टेनलेसच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे असते. फोंड्याच्या मालकांनी ते मागवून माझ्यासमोर थेंब टाकला, आणि मधली नळी व सायलेन्सरचे कवच दोन्ही २०२ निघाले. फक्त हेडर खरोखर ३०४ होता. पहिल्या गॅरेजकडे मी ही गोष्ट लेखी मांडली; पैसे परत मिळाले नाहीत.

"बाब, आवाज पाहिजे की गाडी पाहिजे, ते आधी सांगा. त्यावर सायलेन्सर ठरतो," असे मालकांनी मला विचारले, आणि माझे उत्तर ऐकून त्यांनी ग्लासवूल भरलेला सरळ सायलेन्सर न सुचवता आत पडदे असलेला, मोठ्या पोटाचा सायलेन्सर सुचवला. मधली नळी आणि सायलेन्सर नवीन, ३०४ चे, आर्गन वेल्डिंगने आणि वेल्डिंग करताना नळीच्या आतही आर्गन सोडून. आतून आर्गन न सोडता केलेल्या वेल्डिंगला आतल्या बाजूने जळका खडबडीत थर येतो आणि तिथूनच पुढे गंज धरतो. नळीच्या टोकातून डोकावले की हा फरक सहज दिसतो. हेडरच्या जोडाचे जुने वेल्डिंग त्यांनी घासून काढले आणि नव्याने केले. त्याच्या पुढे जाळीदार लवचीक जोड टाकला. हा जोड पहिल्या संचात नव्हताच. इंजिन आपल्या रबरी माउंटवर हलते, आणि त्यात ३०४ तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट अधिक प्रसरण पावते : मीटरभर नळी पाचशे अंशांनी तापली तर ती आठ ते नऊ मिलिमीटर लांबते. लवचीक जोड नसेल तर हा सगळा ताण वेल्डिंगवर येतो. पहिली फट तशीच पडली असावी, असे त्यांचे मत पडले आणि मला ते पटते.

हेडरला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नको म्हटले. पट्टी पावसात पाणी धरून ठेवते आणि खालची नळी ओल्या कापडात गुंडाळल्यासारखी राहते. त्याऐवजी स्टार्टर आणि वायरिंगच्या बाजूने पत्र्याची एक आडोशाची ढाल बसवली.

या दुसऱ्या कामानंतरचे माझे आकडे असे आहेत. ॲव्हरेज ११.० वर आले, म्हणजे मूळ आकड्याच्या जवळपासच. हा फरक टाकी भरण्याच्या चुकीतही बसू शकेल. तुलना करताना मी एकाच पंपावरचे पेट्रोल वापरले. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या-नव्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ उरलेला नाही, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. चौथ्या गियरमध्ये ताशी ४० ते ८० किलोमीटरला पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर सरासरी १३.८ सेकंद लागत होते, ते आता १३.१ लागतात. डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी नेलेली नाही, म्हणून किती बीएचपी वाढले हे मी सांगणार नाही. दहा बीएचपी वाढतात असे सांगून हे संच विकले जातात, त्यावर मात्र कोणी विश्वास ठेवू नये. प्रत्यक्ष जाणवणारा फरक केरीहून चोर्लाकडे चढताना कळतो : चार माणसे बसलेली असताना ज्या दोन वळणांवर हमखास दुसरा गियर टाकावा लागे, तिथे आता तिसरा पुरतो. व्हाळाच्या पलीकडच्या चढावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गियरमध्ये) फरक जवळजवळ शून्य आहे. तिथे टायर आणि चालकाचा पाय महत्त्वाचे असतात.

आवाज मूळ गाडीपेक्षा थोडा खोल आहे, मोठा नाही. ताशी सत्तरच्या आसपास, २७०० आरपीएमच्या सुमारास, छपराच्या कापडाखाली एक घुमणारा नाद येतो, आणि लांबच्या प्रवासात तो थकवतो. बेळगावला जाताना मी ही पट्टी टाळून थोडा वर किंवा खाली राहतो. मधल्या नळीवर छोटा रेझोनेटर (ठरावीक नाद दाबणारी डबी) लावून तो कमी करता येईल.

कायद्याची बाजू मी बदल करण्याआधी वाचली होती आणि इतरांनीही वाचावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि कलम १९० (२) अन्वये आवाज व वायुप्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरतो. माझ्या वयाच्या गाडीला पीयूसीमध्ये आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतात. कन्व्हर्टर जागेवर असल्यामुळे दोन्ही वेळा ती सहज पास झाली. फट असताना मात्र काट्यावर आली होती. मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (ज्याच्या जागी हेडर आला तो भाग) आणि मधली नळी मी तेल लावून गोणपाटात बांधून ठेवले आहेत, कारण २०२७ मध्ये पुन्हा नूतनीकरण आहे आणि गरज पडल्यास गाडी मूळ रूपात उभी करण्याची माझी तयारी आहे.

व्हाळात उतरण्याआधी एक्झॉस्टबाबत एक सवय मी लावून घेतली आहे. लांबून आलो असेन तर काठावर पाच मिनिटे थांबतो, कारण तापलेला ऑक्सिजन सेन्सर थंड पाण्यात बुडाला तर आतला सिरॅमिक भाग तडकू शकतो. पाण्यात असताना इंजिन बंद करत नाही, टेलपाइपमधून बाहेर पडणारा वायूच पाणी बाहेर ठेवतो. जानेवारी ते मार्च या दिवसांत कुळागराच्या वाटेवरचे वाळलेले गवत कन्व्हर्टरच्या ढालीत अडकते, आणि कन्व्हर्टर काम करत असताना चारशे अंशांच्या वर तापलेला असतो. म्हणून गाडी उभी केली की खाली वाकून ते गवत काढतो. काजूच्या हंगामात त्या डोंगरावर एक ठिणगीही नको.

फोंड्याच्या गॅरेजने १७ हजारांत सर्व भागांची ग्रेडसह लेखी पावती दिली आणि हजार किलोमीटरनंतर फ्लॅन्जचे (नळ्यांच्या जोडांचे) नट पुन्हा आवळण्यासाठी स्वतःहून फोन केला. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी त्यांनी तीन मिलिमीटरचे निचऱ्याचे छिद्र ठेवले आहे. थंड सकाळी गाडी सुरू केली की तिथून पाणी ठिबकताना दिसते. एकच गोष्ट त्यांच्याकडून चुकली : सायलेन्सरचा मागचा हँगर दोन इंच खाली आला आहे आणि व्हाळात उतरताना एका दगडावर घासतो. नोव्हेंबरमध्ये पाणी ओसरले की तो वर घ्यायचा आणि त्याच वेळी रेझोनेटर लावायचा, असे ठरले आहे.